रुमालावरचं विरजण

जर्मनीतल्या खोलीवर सुनेत्रानं बॅग उघडली, आईचा पांढरा रुमाल हातात घेतला आणि कपाळावर हात मारून घेतला.

आईनं तो घरच्या दह्यात बुडवून तीन दिवस वाळवला होता. कोमट दुधात टाकला की झालं विरजण! सुनेत्राचं शिक्षणच दह्याचे जिवाणू सुकवण्याचं. "आमच्याकडे गोठवून सुकवतात गं, झळसुद्धा लागू देत नाहीत," असं तिनं आईला ऐकवलंही होतं.

"म्हणून तर सावलीत वाळवलाय, शहाणे."

आता त्या रुमालाला कडक घडी होती आणि कडांना पिवळसर डाग. शाळेपासून लेकीचा एकेक कपडा इस्त्री करून बॅगेत ठेवणारे बाबा घरात आहेत, हे दोघीही विसरल्या होत्या.

तरी तिनं रुमाल दुधात टाकला. दुसऱ्या दिवशी दूध तसंच पातळ. तेवढ्यात फोन वाजला.

"लागलं का गं दही?"

खरं सांगितलं असतं तर बाबांची खैर नव्हती. "अगदी घट्ट लागलं, आई."

"सुटले बाई! इथल्या विरजणाला बुरशी आली, सगळं ओतून दिलं. दिवाळीला येताना तुझ्यातलंच वाळवून आण. ह्यांच्या घशाखाली दुसरं दही उतरत नाही."

सुनेत्रानं पातळ दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

फोनवर आईच्या मागून बाबा ओरडले, "आणि चुरगळलेला आणू नकोस हो. इस्त्री करून आण!"