दादाची कात्री

दादाच्या त्या पत्राला मी कधीच उत्तर दिलं नव्हतं. परदेशातून दत्तक आणलेल्या आमच्या तान्ह्या मुलीला त्याने कुटुंबाच्या फोटोतून कात्रीने कापून तेवढाच तुकडा परत पाठवला होता. सोबत एकच ओळ: “परक्याचं पोर माझ्या भिंतीवर नको.” तुकडा मी पुस्तकात दडवला. आज इतक्या वर्षांनी दादाचा फोन आला. “माझ्या पंच्याहत्तरीला दोघंच या. ते परदेशी पार्सल आणू नका.” फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेल्या मुलीने ऐकलं. “जाणार तुम्ही, बाबा?” मी पुस्तकातला तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिने निरखून पाहिला. “माझ्या पोटावर हे हात कुणाचे?” “माझे. तू मांडीवर होतीस.” “म्हणजे काकांच्या भिंतीवर तुम्ही थोटेच!” संध्याकाळी मी उत्तर टपालपेटीत टाकलं: “दादा, माझे हात तिच्याजवळच आहेत. उरलेल्या मलाही कापून पाठव.”