पटाशीची मूठ

बाजारातल्या पटाशीची धार सागावर दोन ठोके पडले की मुडपायची. वैतागून अर्जुनी मोरगावच्या योगराज सुताराने एक चांगली पटाशी ऑनलाइन मागवली. डबा सीलबंद होता, पण लाकडी मुठीवर बोटांचे खळगे पडलेले, वर्षानुवर्षं वापरल्यासारखे.

"नव्याच्या भावात जुना माल!" तो खवळला आणि त्याने ती परत पाठवली. बदली पटाशी आली, तिच्यावरही तेच खळगे.

शेवटी गाडी धरून तो गोंदियाला हत्यारांच्या दुकानात गेला. दुकानदाराने त्याच्यासमोर त्याच कंपनीच्या नव्या डब्याचं सील तोडलं. खळगे होतेच.

"भाऊ, सील आपके सामने तोडा," दुकानदार चिडला. "लेना है तो लो."

झक मारून योगराजने ती घेतली. घरी चौकटीवर चालवून पाहिली, तर साग साबणासारखा कापला गेला. इतकं चांगलं हत्यार त्याच्या हाती कधी आलंच नव्हतं.

"मंग आता कायले तोंड वाकडं करून राहिले जी?" बायको सत्यभामाने विचारलं.

योगराज आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. अंगठा आणि तीन बोटं आपापल्या खळग्यात चपखल बसली होती. तर्जनीला मुठीवर जागाच नव्हती.

"हे एक बोट," तो चिडून म्हणाला, "मधात येऊन राहिलं."