लंडन ते नागपूर, आठ दिवस

गणपतराव मास्तरांनी पाकिटावरचा शिक्का चष्म्याजवळ धरून तीनदा वाचला. लंडन, आणि बरोबर आठ दिवसांपूर्वीची तारीख. कोपऱ्यात हवाई डाकेची निळी चिठ्ठी. हयात भूगोल शिकवण्यात गेलेली. साडेचार हजार मैल आठ दिवसांत म्हटल्यावर एरवी त्यांची छाती फुगली असती. आज तोंडचं पाणी पळालं.

लंडनला गेलेल्या लेकाची, देवरावची पत्रं बोटीने येत, वीस-बावीस दिवसांनी. पण सून बाळंत झाली की तेवढं एक पत्र विमानाने टाकीन, असं तो सांगून गेला होता. तार करू नको, असं प्रयागबाईंनीच लेकाला बजावलं होतं; या घरात तारेने कधी चांगली बातमी आणली नव्हती. म्हणजे पाकीट न फोडताच निम्मी बातमी कळली होती. सुनेची पहिली दोन लेकरं हाती लागली नव्हती, त्यामुळे खरा जीव उरलेल्या निम्म्या बातमीत अडकला होता.

आणि उद्या महालक्ष्म्या बसायच्या होत्या. प्रयागबाई दोन्ही पितळी मुखवटे पुढ्यात घेऊन चिंचेने उजळत होत्या. नातवंडाची बातमी जन्मापासून दहा दिवसांच्या आत कानी आली तर घराला सोयर, आणि सोयरात देवाला शिवायचं नाही. एकोणतीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता. पत्र बोटीने आलं असतं तर दहा दिवस केव्हाच उलटून गेले असते. मास्तरांना त्या विमानाचा मनापासून राग आला. त्याचंच कौतुक सांगून त्यांनी वर्षभर धंतोलीतल्या शेजाऱ्यांचं डोकं खाल्लं होतं.

त्यांनी हळूच तोड काढली. पाकीट फडताळात ठेवू, महालक्ष्म्या उठल्या की फोडू; तोवर दहा दिवस सरतात.

"आपल्याले कळलंच नाही, तं सोयर कायचं?"

प्रयागबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. ती निळी चिठ्ठी मात्र त्यांनी पोस्टमन दारात आला तेव्हाच ओळखली होती. त्यांनी हातातला मुखवटा मास्तरांकडे वळवला.

"आपल्याले नाही कळलं जी. इले नसन कळलं का?"

मास्तरांनी पाकीट फोडू का म्हणून विचारलं.

"थांबा. वाचल्यावर मले शिवता येनार नाही."

प्रयागबाईंनी मुखवटे धुतले, कोरडे केले, जुन्या मऊ लुगड्यात एकेक गुंडाळून पेटीत ठेवले. झाकण लावण्याआधी कापड जरा बाजूला सारून दोघींची तोंडं पाहिली, पुढल्या सालची बोलावणी केली आणि डोळे पुसले. मग देवघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन पेटीपासून चांगल्या चार हात लांब, भिंतीला टेकून बसल्या.

"वाचा आता."

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला. साडेचार हजार मैल आठ दिवसांत आलेलं ते पाकीट फोडायला त्यांना फार वेळ लागला.