निशाणाचा मावळा

फोनवरच्या जुन्या हजेरीत त्र्याहत्तर नंबरपुढं त्रिंबकचं स्वतःचंच नाव होतं. त्यानं चष्मा पुसून परत बघितलं. त्रिंबक हरिबा, मुक्काम नांदूरघाट. गावात या नावाचा दुसरा माणूस नव्हता.

त्रिंबकला ऐतिहासिक सिनेमांतले लढाईचे कपडे जमवायचं वेड. पडद्यावर घामानं भिजलेलेच हवेत, नवे शिवलेले नकोत. अंगरखे, शेले, चिलखतं इतकी झाली होती की सुंदरबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ज्वारीचं पोतं ठेवायला कोपरा उरला नव्हता. पण जीव अडकला होता तो एकाच अंगरख्यात. दुष्काळाच्या साली गावच्या कोरड्या तलावात एका सिनेमाची लढाई झाली. त्यात निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढं धावणाऱ्या मावळ्याचा तो अंगरखा. कपिलधारच्या जत्रेत, तंबूत, त्रिंबकनं तो सिनेमा सात वेळा पाहिला. पुढं टीव्हीवर लागला की ताट तसंच राहायचं. "गडी बघ कसा पळतोय," तो बायकोला म्हणायचा. ती नुसतं "हूं" म्हणायची.

उद्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्याच्या कपड्यांचं पहिलं प्रदर्शन होतं. चेअरमन अर्जुनरावांची अट एकच, ज्यानं घातला त्याचं नाव चिठ्ठीवर पाहिजे. नाव नाही, तर कपडा नाही. नेमकी याच अंगरख्याची चिठ्ठी कोरी होती. फार मिनतवाऱ्या केल्यावर सिनेमाला कपडे पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या ड्रेपरीवाल्यानं त्या लढाईच्या हजेरीचं पान फोनवर पाठवलं. गळपट्टीच्या आतला नंबर जुळला, आणि निघालं हे.

"अगं, लढाई झाली तवा मी कुटं होतो?"

"कुटं म्हंजी? सगळे गडी जनावरं घिऊन कारखान्याच्या छावणीवर गेलते."

"मंग हजेरीत माजं नाव कावून?"

सुंदरबाईचा डाळ निवडणारा हात थांबला.

"कंपनीला दोनशे गडी पायजे होते. गावात उरल्या बाया. मुकादम म्हणला, मिशा चिटकवा अन् नवऱ्याची नावं सांगा. तुमचं नाव उखाण्याबिगर कदी घेतलं न्हवतं, तितं रोज सकाळी वरडून घ्यावं लागलं."

"अन् निशाण?"

"उंच मीच होते."

इतकी वर्षं त्रिंबकनं पंचक्रोशीतल्या यच्चयावत गड्यांना विचारलं होतं, हा मावळा कोण. बाईमाणसाला विचारावं, हे काही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. त्यानं कोरी चिठ्ठी पुढं ओढली आणि ठळक अक्षरांत बायकोचं नाव लिहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तरी ते नाव त्यानं कधी हातानं लिहिलं नव्हतं.

"मंग एवढी वर्सं बोलली न्हाईस कावून?"

सुंदरबाईनं परत सूप हातात घेतलं. मान वर न करता म्हणाली,

"सांगितलं असतं, तर तुमी त्या गड्याकडं तसं बघायचं सोडलं असतं."