हिरवा ठिपका

पडद्यावर तालुक्याचा नकाशा उमटला आणि रंजीताबाईंना आपली शाळा त्यात हिरवी दिसली. हिरवा ठिपका म्हणजे शाळेत नेटवर्क आहे, लाल म्हणजे नाही. छतावर बसवायची इंटरनेटची छत्री फक्त लाल शाळांना मिळणार होती. आणि ती छत्री मागायलाच तर बाई आज या सभेला आल्या होत्या.

"हा नकाशा कुणाच्या मनाने काढलेला नाही," तंत्रज्ञान आराखड्याचे साहेब सांगत होते. माणूस वाईट नव्हता. तरुण होता, मेहनती होता, आणि आपल्या नकाशावर त्याचा फार जीव होता. "तुम्ही रोज सकाळी मोबाइलवरून मुलांच्या फोटोसह हजेरी पाठवता. ज्या शाळेची हजेरी रोज वेळेवर येते, तिथे नेटवर्क आहे. साधा हिशेब."

हिशेब साधाच होता. फक्त बाईंच्या हेटीटोल्याच्या शाळेत रेंज कधी आलीच नव्हती. रेंज मिळायची ती गावामागच्या टेकडीवर. हजेरी चुकत गेली की शाळा बंद पडल्यात जमा, आणि पोरं नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. पावसाळ्यात तो नाला कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून प्रार्थना झाली की बाई अख्खी शाळा घेऊन टेकडी चढत. पुढे गावातले वडीलधारे इसरूभाऊ तेलाचा रिकामा डबा बडवत, मध्ये पोरं, मागे बाई. पायथ्याशी वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड होता. पोरं त्याच्यापुढे एकेक पान ठेवत आणि वर जात. वर पोचलं की फोटो, हजेरी, मग दम खात पाढे. आपली शाळा आपण राखली, असं गाव अभिमानाने म्हणायचं. बाईंनाही तसंच वाटायचं.

पण या आठवड्यात टेकडीवर वाघीण आली होती. आज निघताना इसरूभाऊंनी त्यांची स्कूटी अडवली.

"बाई, आता पोरायले वर नेऊ नका. तिच्यासंग पिलं हायेत. वाघ डब्याच्या आवाजानं बाजूले होते. आई नाई होत."

"छत्रीचं करूनच येते, भाऊ," बाई म्हणाल्या होत्या.

आता साहेबांचा आवाज जरा कडक झाला. "आणखी एक. काही ठिकाणी शाळेबाहेर जाऊन हजेरी भरतात असं कानावर आलंय. ती खोटी हजेरी. अशी शाळा सापडली तर मागची सगळी हजेरी रद्द आणि मुलं दुसऱ्या शाळेत."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोललं तर शाळा जाते, गप्प बसलं तर पोरं वाघिणीच्या दारात. इतक्या नेमाने केलेलं काम आपल्याच गळ्याशी येईल, असं बाईंना कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. रडू आलं, पण रडायची ती जागा नव्हती.

"तालुक्यातल्या सगळ्या शाळा हिरव्या आहेत," साहेब खुशीत म्हणाले. "पण नकाशा चुकूही शकतो. आलेल्या छत्र्या इथे नको असतील तर दुसऱ्या जिल्ह्यात जातील. तेव्हा ज्यांच्या शाळेत नेटवर्क नाही, त्यांनी आत्ताच हात वर करा."

कुणी हललं नाही. शेजारच्या खुर्चीवर जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेतले नानाजी गुरुजी होते, निवृत्तीला टेकलेले. मार्कंड्याच्या जत्रेत चुकलेल्या पोरासारखे ते इकडेतिकडे बघत होते. बाईंना त्यांचा, सगळ्या सभागृहाचाच हेवा वाटला. यांच्या शाळा खरोखर हिरव्या. यांना कसली आली आहे चिंता?

मग त्यांना धुरपता आठवली. पहिलीतली, इवलीशी, चढावर कायम मागे राहणारी. बाईंनी हात वर केला.

सगळ्या माना वळल्या.

"बोला मॅडम. हेटीटोला ना?" साहेबांचा चेहरा फुलला. "यांची एकही हजेरी चुकलेली नाही, बरं का. इतकी आडबाजूची शाळा, पण आदर्श. टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. बाई हात तसाच धरून उभ्या राहिल्या. शाळा बंद झाली हे गावात जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

"काही नाही, सर," त्या म्हणाल्या. "प्यायला पाणी हवं होतं."

शिपायाने पाणी आणलं. त्यांच्यामागे आणखी दोघांतिघांनी मागितलं. साहेबांनी छत्र्यांचा विषय संपवला आणि पुढचा काढला.

सभा सुटल्यावर बाई स्कूटीजवळ नुसत्याच उभ्या होत्या. नानाजी गुरुजी हळूहळू चालत आले.

"तुमची टेकडी हाये का झाड हाये, बाई?"

बाईंनी हातातलं हेल्मेट सीटवर ठेवलं.

"आमचं मोहाचं झाड हाये. पोरायले खाली उभं करतो अन् या वयात मी वर चढतो. त्या समोरच्या दिव्यानीबाईची पाण्याची टाकी हाये. वारलू सर पोरायले नदीच्या घाटावर नेते. साऱ्यायच्या मनात एकच होतं. कोणी एकानं हात वर केला का आपण बी करू. आख्ख्या तालुक्याले खोटं कसे म्हणतीन? तुमी केला, तवा मी बी अर्धा वर केला होता."

"मग पुरा काऊन नाई केला, गुरुजी?"

"तुमी पाणी मांगतलं, बाई. मंग आमी बी पाणीच पेलो."