पायांचं नाव

"अंगठा दाबून धरा. आता सोडा," फोनमधली डॉक्टर कोरियन भाषेत म्हणाली. चंचलने ते आईला सांगितलं.

दुर्पताने नडगीवरचा अंगठा उचलला. तिथे खड्डा पडला होता. तिघीही त्या खड्ड्याकडे पाहत राहिल्या. तो भरायला बराच वेळ लागला. डॉक्टरने वहीत काहीतरी लिहिलं.

फोन पाण्याच्या पितळी गुंडाला टेकवून ठेवला होता. घर चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावात, डॉक्टर सेऊलच्या दवाखान्यात, आणि मधलं सगळं चंचलच्या डोक्यावर. मालिका पाहून पाहून ती कोरियन शिकली होती. मग रीतसर परीक्षा दिली. आता घरी बसून त्या दवाखान्याची पत्रकं हिंदीत करून द्यायची. दवाखाना जुन्या कोरियन औषधांचा. 'कमरेखालचं वजन आणि पायांची सूज' हे पत्रक करताना तिला ओळीओळीला आपली आईच दिसली होती.

दुर्पता शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. अर्धा दिवस चुलीपाशी उभी, उरलेला घरी उभी. चंचल चार महिने मागे लागली होती, एकदा डॉक्टरला दाखव. दुर्पताचं उत्तर ठरलेलं. "मी वरतून काडी न खालतून धानाची ढोली. आता काय दाखवू?" आणि या शनिवारी अंगण झाडता झाडता ती आपणहून म्हणाली, "लाव तुह्या डॉक्टरनीले."

डॉक्टरने जीभ पाहिली. पाय गार पडतात का, घाम कुठे येतो, जेवल्यावर अंग जड होतं का, असं एकेक विचारलं. दुर्पता सरळ उत्तरं देत गेली. प्रत्येक उत्तराला डॉक्टर "ने, ने" म्हणत होती.

"हे काय ने ने करून राहिली? काय नेऊ?"

"'ने' म्हणजे हो, माय."

"मंग हो मनाव ना."

शेवटी डॉक्टरने निदान सांगितलं. त्यांच्या शास्त्राप्रमाणे पोट थंड होतं, म्हणून अंगातलं पाणी फिरत नव्हतं, खाली साचत होतं. त्यावर काढ्याच्या पुड्या होत्या. पण आधी सरकारी दवाखान्यात रक्त, लघवी आणि हृदय तपासून घ्यायचं. हत्तीपाय नाही ना, तेही पाहायचं. त्याशिवाय ती एक पुडी पाठवणार नव्हती. तोवर घोट्याच्या वर चार बोटांवर, आतल्या बाजूला, रोज दाबायचं. आणि दर तासाला दहा मिनिटं बसायचं.

"बसाले सांगते," दुर्पता म्हणाली. "मंग खिचडी कोन हालवंल? हे?"

चंचलने तेही कोरियनमध्ये सांगितलं. डॉक्टरने तेही लिहून घेतलं.

"आईंना आणखी काही विचारायचं आहे का?"

"हाये," दुर्पता म्हणाली. "तिले विचार, तिच्या गावात एकटी पोरगी राहू शकते का. न दोन टाइम भात भेटते का."

चंचलने मान वळवून आईकडे पाहिलं. तिकडच्या विद्यापीठाचं पत्र येऊन बारा दिवस झाले होते. दोन वर्षांचं शिक्षण, राहणं-खाणं त्यांच्याकडे. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. घरात तिने ब्र काढला नव्हता. फक्त शाळेतल्या भुपेंद्र सरांशी ती बोलली होती, कारण अर्जाच्या वेळी कागदांवर सही त्यांची होती. आईचे पाय असे आहेत सर, मी कशी जाऊ?

"तुले कोनं सांगितलं?"

"भुपेंद्र सर बजारात भेटले. तू नाई म्हनून राहिली मने. माह्या पायापायी."

"मग काय करू? तुह्यानं पान्याचा गुंड तरी उचलते का?"

"नाई जायचं तं नको जाऊ," दुर्पता म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसा. "पन माह्या पायाचं नाव नको लावू. सतरा साल झाले शाळेच्या चुलीपाशी, या पायावर उभी आहो मी. या पायायनं कोनाले अडवलं नाई."

चंचलला राग यायला हवा होता. तो आला नाही. पत्र वाचलं तो दिवस तिला आठवला. मोठं विमानतळ डोळ्यांपुढे आलं होतं, आणि एक शहर, जिथली भाषा तिला येत होती आणि माणूस एकही ओळखीचा नव्हता. आईचे पाय तिला दुसऱ्या दिवशी आठवले होते.

"आई काय म्हणाल्या?" डॉक्टरने विचारलं.

इतका वेळ चंचलने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

"आई विचारते," ती कोरियनमध्ये म्हणाली, "तिकडे यायची भीती वाटते, त्यावर काही औषध आहे का."

डॉक्टर हसली नाही. तिने वहीचं नवं पान काढलं.

"औषध नाही," ती म्हणाली. "तिकीट काढल्यावर आठ दिवस भीती वाढेल. इथे पोचल्यावर हळूहळू उतरेल."

चंचलने ते आईला जसंच्या तसं सांगितलं.

दुर्पताने साडी नडगीवर ओढून घेतली. घोट्यापर्यंत नीट सारखी केली. मग फोनकडे पाहिलं.

"भीती कोनाची?" तिने विचारलं. "तुही का माही?"