नव्या रायडरची सलामी

“अजून एक हेल्मेट द्या ना, ताई. हिच्यासाठी,” तेजराम म्हणाला.

बालाघाटच्या मैदानातून मोटारसायकल रॅली सुटायच्या बेतात होती. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम, त्यामुळे येईल त्याला हेल्मेट आणि नारिंगी झेंडा फुकट. हेल्मेट वाटणारी मयुरी क्लबची कॅप्टन होती. तिने तेजरामची जुनाट गाडी पाहिली, मग मागे एका बाजूला बसलेली त्याची बायको. पौर्णिमा त्याच्या पाठीला टेकली होती. दोघांभोवती एकच दुपट्टा घट्ट आवळलेला, आणि तिच्या पायांवर शाल.

“असं बांधलं काहून?”

“दवाखान्यातून आणली. तोल जाते.”

“लाओ, मी घालून देते हेल्मेट.”

“नको, ताई. तिले परक्याचा हात चालत नाही.”

तो गाडीवरच अर्धा वळला. एका हाताने पौर्णिमाचं डोकं धरलं, दुसऱ्याने हेल्मेट चढवलं आणि समोरची काच खाली ओढली. एवढ्यानेच त्याला घाम फुटला.

“पहली बार आए हो?” मयुरीने विचारलं.

“हौ. लांजीच्या अलीकडं गाव हाय आमचं. रॅलीच्या गाड्या पोलीस अडवत नाहीत म्हणे.”

“नाही अडवत. आणि ऐका, आपल्या क्लबचा रिवाज आहे. नवा रायडर मुक्कामाला पोचला की सगळे मिळून हॉर्न वाजवून सलामी देतात. कान बंद करून घ्या तेव्हा.”

तेजरामला सलामीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, आज उजेड असताना पौर्णिमाला घरी न्यायचं. दवाखान्याची गाडी उद्याशिवाय मिळणार नव्हती. जीपवाले तिच्याकडे एकदा पाहायचे आणि मान हलवायचे. खाटेवर पडल्या पडल्या ती एकच सांगत राहिली होती, ‘मले घरी ने.’ आणि दरवेळी तो म्हणाला होता, ‘उद्या.’ त्या ‘उद्या’ची त्याला आता मनापासून चीड येत होती.

रॅली निघाली. चमचमत्या गाड्या, चामडी जॅकेटं, जॅकेटात न मावणारी पोटं. नुसता कल्ला. कोणी झेंडा फडकवत होता, कोणी उगीच हॉर्न दाबून धरत होता. मधोमध तेजरामची गाडी धूर सोडत चालली होती. खड्डा आला की तो जिवाच्या आकांताने ब्रेक दाबायचा आणि हात मागे नेऊन पौर्णिमाला सावरायचा.

“आलंच आपलं गाव,” तो पुटपुटायचा.

किरनापूरला चहासाठी सगळे थांबले. तेजराम सारखा मावळतीकडे पाहत होता. ऊन पिवळं पडलं होतं. एकट्याने पुढे जावं, तर पुढे पोलिसांचा नाका होता. तो गाडीवरून उतरलाच नाही.

रॅलीत सगळ्यात मागे राहून कोणी मागे पडलं तर पाहणारा वीरेंद्र चहाचे दोन कप घेऊन आला.

“घ्या, भाऊ. वहिनीलेबी द्या.”

“ती नाही घेत.”

“एक घोट तरी?”

“नाही म्हटलं ना!” तेजराम ओरडला आणि लगेच त्याचे डोळे भरले. “माफ करा, भाऊ. लवकर चला फक्त. माय दारात वाट पाहून राह्यली असन.”

वारा सुटला होता. शाल पौर्णिमाच्या पायांवरून घसरली. ती उचलायला वीरेंद्र खाली वाकला आणि थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग त्याने शाल पुन्हा पायांभोवती गुंडाळली, टोकं नीट खोचली आणि दोन्ही कप तसेच घेऊन परत गेला. तो मयुरीच्या कानाशी काहीतरी बोलला.

मयुरीने आपला चहा मातीत ओतला.

“चलो! हॉर्न कोणी वाजवायचा नाही. झेंडे आत ठेवा,” तिने सगळ्यांना सांगितलं. “नव्या रायडरला मध्ये घ्या. त्याच्या चालीने चला.”

मघाची दंगेखोर मंडळी गुमान निघाली. दोन गाड्या तेजरामच्या पुढे, दोन बाजूंना, बाकी मागे. आजारी माणसाचा एवढा मान राखतात, चांगली आहेत पोरं, असं कोणालाही वाटलं असतं.

पुढच्या नाक्यावर हवालदाराने नेमका तेजरामलाच हात केला. तेजरामने ब्रेक दाबला.

“मॅडम सो गई क्या?” हवालदाराने पौर्णिमाच्या हेल्मेटकडे बोट केलं.

मयुरी गाडी मध्ये घालून उभी राहिली. “थक गई हैं, साहब. हमारे साथ हैं. जाने दीजिए.”

हवालदार बाजूला झाला.

गाव आलं तेव्हा धानाच्या बांध्यांवर अजून ऊन होतं. गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. तेजराम तेवढा चालू गाडीने दारापर्यंत गेला. दुर्गाबाई, त्याची माय, उंबऱ्यात उभी होती.

“आणली, माय. घरी आणली,” तो म्हणाला. पोटावरची दुपट्ट्याची गाठ तो सोडू लागला, पण ती सुटेना.

हॉर्न एकही वाजला नाही. मागून पावलं आली. त्याने वळून पाहिलं. वीरेंद्र आणि आणखी तिघं हेल्मेट काढून, बूट काढून, अनवाणी उभे होते. मयुरीने डोक्यावरून ओढणी घेतली होती.

वीरेंद्रने खाली वाकून शाल बाजूला केली. पौर्णिमाच्या पायांचे दोन्ही अंगठे दवाखान्याच्या पांढऱ्या पट्टीने एकत्र बांधलेले होते.

“किरनापूरलेच समजलं होतं, भाऊ,” तो दुपट्ट्याच्या गाठीला हात घालत म्हणाला. “सोडा आता वहिनीले. खांद्याले आम्ही चौघं आहोत.”